प्रतिसाद: पीडी-एल१ निगेटिव्ह म्हणजे इम्युनोथेरपी बाद?

वर विचारलंय, ट्रिपल निगेटिव्हमध्ये (हार्मोन रिसेप्टर आणि हर२ दोन्ही नसलेला स्तनाचा कॅन्सर) पीडी-एल१ (इम्यून पेशींना रोखणारं प्रथिन) निगेटिव्ह आला म्हणजे इम्युनोथेरपीचा उपयोग नाही का? आधी आजाराची स्टेज सांगा. शस्त्रक्रियेआधी केमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब (इम्युनोथेरपीचं औषध) द्यायचं असेल (स्टेज २-३), तर पीडी-एल१ बघून ठरवत नाहीत. कीनोट-५२२ चाचणीत निगेटिव्ह रुग्णांनाही फायदा दिसला. पीडी-एल१ च्या रिपोर्टसाठी उपचार अजिबात लांबवू नका. आजार पसरलेला असेल तर मात्र सीपीएस (पीडी-एल१ साठी रंगलेल्या कॅन्सर आणि इम्यून पेशींचा एकत्रित गुणांक) १० किंवा जास्त लागतो.

रिपोर्टमध्ये अँटिबॉडीचं (पीडी-एल१ रंगवायला वापरलेल्या द्रव्याचं) नाव बघाच. सीपीएस २२सी३ या अँटिबॉडीवर मोजतात. एसपी१४२ या दुसऱ्या अँटिबॉडीचा '१ टक्का' हा फक्त इम्यून पेशींनी व्यापलेल्या जागेचा हिशेब आहे, त्याची सीपीएसशी तुलना होत नाही. समजा २०० जिवंत कॅन्सरपेशींत १० रंगल्या, शिवाय १६ लिम्फोसाइट-मॅक्रोफेज (इम्यून पेशी) रंगले, तर २६ भागिले २०० गुणिले १००, म्हणजे सीपीएस १३. किमान १०० कॅन्सरपेशी नसतील तर आकडा ग्राह्य नाही. हाडातला तुकडा आम्लाने डीकॅल्सिफाय केला (कॅल्शियम काढून मऊ केला) असेल तर रंग फिका पडून खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. दुसऱ्या जागेचा ब्लॉक (मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा) आहे का विचारा.

टीआयएल (गाठीत शिरलेले लिम्फोसाइट) जास्त असणं ट्रिपल निगेटिव्हमध्ये चांगलं लक्षण, पण त्यावरून औषध ठरत नाही.