मदत हवी आहे: चिचेवातल्या प्रश्नाचा सूर कसा ओळखायचा?

मलावीतल्या चिचेवा भाषेवर छोटा प्रोजेक्ट करतेय, त्यात प्रश्नांपाशी अडकलेय. ही टोन असलेली, म्हणजे आवाजाच्या चढ-उताराने शब्दाचा अर्थ बदलणारी, आफ्रिकेतल्या बांटू गटातली भाषा आहे, पण लिहिताना टोन दाखवत नाहीत, त्यामुळे कागदावरून काहीच कळत नाही. 'मुकुपिता कुति?' म्हणजे कुठे चाललात, यात प्रश्नाचा शब्द 'कुति' क्रियापदाच्या लगेच नंतर येतो. साध्या वाक्यात वाक्यांशाच्या शेवटून दुसऱ्या अक्षराचा स्वर लांबतो, तर इथे तो 'कु'वर लांबतो की आधी 'पि'वरही, हे बघायचंय.

प्राट या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये पिच (आवाजाची उंची) आणि स्वरांची लांबी दोन्ही काढून 'मुकुपिता कुम्सिका' म्हणजे बाजारात चाललात, या साध्या वाक्याशी ताडून पाहिलं, पण प, त, क आले की पिचची रेघच तुटते आणि राहिलेला चढ शब्दाचा स्वतःचा टोन की प्रश्नाचा सूर ते ठरवता येत नाही. 'कोदि' हा प्रश्न दाखवणारा शब्द लावून हो-नाहीचे प्रश्नही घेतलेत. बोलणाऱ्या ताई लिलाँग्वेच्या, व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवतात, स्टुडिओ शक्य नाही, आणि त्यांना फार त्रासही द्यायचा नाहीये.

टोन भाषांवर काम केलेल्यांनी प्लीज सांगा, पिचची रेघ तुटू नये म्हणून म, न, ल असे आवाज असलेली वाक्यं घ्यायची हे समजलं, पण शब्दाचा टोन आणि प्रश्नाचा सूर वेगळा काढायला ताईंकडून वाक्यांच्या नेमक्या कोणत्या जोड्या म्हणवून घेऊ?