वारशाची गॉथिक कादंबरी लिहिते आहे, घरातल्या कोणत्या वस्तू ठेवू?

पानगळ:
नमस्कार मंडळी. एका घराण्याच्या चार पिढ्यांची गॉथिक, म्हणजे जुन्या घरातली भयगूढ गोष्ट लिहिते आहे. मूळ पुरुषाने धाकट्या भावाचा हिस्सा लाटला, ते पाप खाली उतरत येतं. पहिल्या खर्ड्यात तैलचित्र, बंद घड्याळ, तडकलेला आरसा, किल्ल्यांचा जुडगा सगळंच आलंय आणि घर अडगळीच्या खोलीसारखं वाटतं. यातलं काय ठेवू? वाचण्यासारखं काही असेल तर तेही सांगा.

सांजवात:
हॉथॉर्नची 'द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स' (१८५१) वाचाच. विषय तुमचाच, बळकावलेल्या जागेवर उभं राहिलेलं घर. ती जागा बळकावणाऱ्या कर्नल पिंचनच्या तैलचित्रामागे जमिनीचा दस्तऐवज दडलेला असतो. पिढ्यान्‌पिढ्या सगळे त्याच्या आशेवर जगतात आणि तो हाती लागतो तेव्हा कवडीमोल झालेला असतो. चित्र नुसतं रागाने बघत नाही, काहीतरी दडवून ठेवतं, म्हणून ते लक्षात राहतं. आणि त्या घरातल्या कोंबड्या! घराण्यासारखीच त्यांचीही जात खुरटत गेलेली. मला चित्रापेक्षा त्याच जास्त आवडतात.

घड्याळ मात्र काढा. नऊला वीस मिनिटं कमी असताना थांबवलेली, डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधल्या मिस हॅविशॅमची घड्याळं प्रत्येकाला आठवतील.

जुनं_दप्तर:
मला वेगळीच अडचण दिसते. तुमच्या सगळ्या वस्तू लुबाडणाऱ्याच्या आहेत. भावाचं त्या घरात काय उरलंय? वॉलपोलच्या 'द कॅसल ऑफ ओट्रांटो'मध्ये (१७६४) लग्नाच्या दिवशी मॅनफ्रेडच्या मुलावर एक अवाढव्य शिरस्त्राण कोसळतं. ते असतं मॅनफ्रेडच्या आजोबाने ज्याचं राज्य हडपलं त्या अल्फॉन्सोच्या पुतळ्यावरच्या शिरस्त्राणासारखं. दहशत तिथून येते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याची एक तरी वस्तू घरात हवी, तीही रोज हाताळली जाणारी, कुणाची ते न कळता.

पानगळ:
हे सुचलंच नव्हतं, मनापासून आभार! मग जुडगा ठेवते. त्यात एक किल्ली घरातल्या कुठल्याच कुलपाला लागत नाही, तरी प्रत्येक सून ती कमरेला वागवते. शेवटी तिचं कुलूप सापडू द्यावं का?

जुनं_दप्तर:
सापडू द्या, पण उशिरा. आणि त्याआधी किमान एका सुनेने ती फेकून द्यायचा प्रयत्न केलेला असू द्या. फेकता का आली नाही, त्या प्रसंगावर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

सांजवात:
आरसाही काढा. किल्ली पुरेशी आहे.