दाराच्या चौकटीवरच्या उंचीच्या खुणा सोबत कशा नेता येतील?

महिनाअखेरीस घर सोडतोय, विमानाने आणि कायमचं. स्वयंपाकघराच्या चौकटीवर 2009 पासून मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, शेजारच्या मुलांच्याही. सगळ्यात वरची, 186 सेंटिमीटरची, घरातल्या कुणाचीच नाही. एक अडकलेला प्रवासी दोन रात्री आमच्याकडे राहिला होता. भाषा एकमेकांना कळत नव्हती, पण मुलांना मापताना बघून तो आपणहून चौकटीला पाठ लावून उभा राहिला.

चौकट काढता येणार नाही. घर भाड्याचं, मालक नाही म्हणाले (आम्ही गेल्यावर रंग मारणार आहेत). शिवाय सामानाची लांबी-रुंदी-उंची मिळून 158 सेंटिमीटरची मर्यादा आहे. गुंडाळी चालेल.

मोबाईलने जवळून फोटो काढले, पण कडेला लेन्समुळे रेषा वाकतात आणि छापल्यावर मापं जुळेनात. बटर पेपर लावून गिरवायला गेलो तर हात घासून खालची एक खूण, धाकटीची पहिली, निम्मी पुसट झाली. तिथेच थांबलो. चिकटपट्टी लावायची हिंमत नाही, जुना ऑइलपेंट पापुद्र्यासकट निघेल.

नुसती मापं वहीत उतरवून झालीत. मला रेषा आणि अक्षर जसंच्या तसं हवंय. कागद दमट हवेत वाढतो, म्हणून प्लास्टिकची ट्रेसिंग फिल्म वापरावी असं वाटतंय. चित्रकार पेन्सिलीच्या कामावर मारतात तो फिक्सेटिव्ह आधी फवारावा, की ऑइलपेंटवर तो ओघळून उरलेल्या खुणाही जातील? कुणी प्रत्यक्ष केलंय का?