नळी गोठवण्याआधी दस्ता तपासावा

नेम सुधारण्यासाठी पॉइंट बावीसच्या (०.२२ इंची) रायफलची नळी द्रवरूप नायट्रोजनच्या साहाय्याने उणे १९६ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठवून घ्यावी, अशी सूचना केली जाते; तिला थोडी पुस्ती जोडतो. अशा प्रक्रियेने पोलादातील अंतर्गत ताण कमी होतो असे सांगितले जाते; परंतु चांगले उत्पादक हा ताण उष्णता देऊन आधीच घालवतात, त्यामुळे त्यावर खर्च करावा असे मला वाटत नाही. गोव्यासारख्या दमट हवेत नेम बिघडला, तर पहिला संशय लाकडी दस्त्यावर, म्हणजे नळी ज्यात बसवलेली असते त्या लाकडी भागावर घ्यावा. पावसाळ्याच्या दमट महिन्यांत लाकूड ओलावा शोषून फुगते आणि जी नळी मोकळी राहायला हवी, ती एका बाजूने दस्त्याला टेकू लागली की तिची कंपने बदलून नेम सरकतो. नळी आणि दस्ता यांमधून कागदाची पट्टी विनाअडथळा सरकते का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. ती अडकत असल्यास दस्त्याची खाच रुंद करून रायफलचा धातूचा भाग जिथे दस्त्यात बसतो ती बैठक इपॉक्सीने (घट्ट होणाऱ्या राळेने) पक्की करावी आणि स्क्रू दर वेळी टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, सारखेच आवळावेत. मात्र हे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे.

नळी न गोठवल्याने वाचलेला पैसा काडतुसांवर खर्चावा. पन्नास मीटरच्या स्पर्धेत लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, आणि एकाच कंपनीच्या काडतुसांच्या दोन लॉटमधील (एकाच वेळी बनवलेल्या गटांमधील) फरकही तेथे स्पष्ट दिसतो. खाऱ्या हवेमुळे नळीला तेल लावणे आवश्यकच आहे, पण सरावापूर्वी ते पुसून काढले नाही तर पहिल्या काही गोळ्या भरकटतात.