चांद्रमातीतून हेलियम-३ काढण्याच्या प्रात्यक्षिकासाठी मदत हवी आहे

नमस्कार. मी मुलुंडमधील एका कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. अकरावीच्या चार विद्यार्थ्यांसोबत विज्ञान प्रदर्शनासाठी चांद्रमाती तापवून हेलियम-३ (हेलियमचा हलका प्रकार, ज्याच्याकडे ऊर्जेचे इंधन म्हणून पाहिले जाते) हा वायू काढण्याचे प्रात्यक्षिक तयार करत असून, एका जागी आमचे घोडे अडले आहे.

चंद्रावर वातावरण नसल्यामुळे सौरवाऱ्यातील, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या प्रवाहातील, हेलियम थेट मातीच्या कणांत शिरते आणि त्यांच्या पृष्ठभागालगत, मायक्रॉनहूनही पातळ थरात अडकून राहते. म्हणून माती जितकी बारीक तितका तिच्यात वायू जास्त. अपोलो ११ ने १९६९ मध्ये आणलेल्या मातीत भरपूर असलेले इल्मेनाइट हे खनिज तो विशेष धरून ठेवते. सुमारे ७०० अंश सेल्सिअसला बहुतेक हेलियम सुटते. मात्र हेलियम-३ चे प्रमाण अब्जात दहा भाग धरले, तर किलोभर हेलियम-३ साठी एक लाख टन माती तापवावी लागेल. टनामागे साधारण ६०० मेगाज्यूल उष्णता खर्च होईल आणि त्यातून मिळणाऱ्या १० मिलिग्रॅम हेलियम-३ चे ड्युटेरियमशी (जड हायड्रोजनशी) पूर्ण संमीलन झाले, म्हणजे अणुकेंद्रके एकत्र आली, तर सुमारे ६,००० मेगाज्यूल मिळतील. हे गणित मुलांनी स्वतः मांडले, याचा मला फार आनंद आहे.

आपल्याकडचा बेसॉल्ट हा काळा खडक चंद्राच्या काळ्या डागांतील खडकाच्या जवळचा, म्हणून तो दळून केलेली बांधकामावरची क्रश सँड चाळून आम्ही स्टीलच्या नळीत तापवली. पाण्यावर उपड्या धरलेल्या मोजपात्रात बुडबुडे येताच मुलांनी टाळ्या वाजवल्या, पण नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमले होते. येत होती ती प्रसरण पावलेली हवा आणि इथल्या दमट हवेतली वाफ. रात्रभर ११० अंशांवर वाळवल्यावर बुडबुडे जवळजवळ थांबले.

मग हेलियमच्या जागी काय दाखवावे? खायचा सोडा मिसळण्याचा सल्ला मिळाला, परंतु त्यात पदार्थच विघटित होतो, आणि मुलांना चुकीची गोष्ट शिकवणे मला मान्य नाही. कार्बन डायऑक्साइड शोषलेला सक्रिय कोळसा वापरला, तर वायू त्याच रूपात बाहेर पडेल. पण तो बराच कमी तापमानाला सुटेल आणि कणाच्या आत रुतलेला नसेल. एवढा फरक फलकावर स्पष्ट लिहून तो वापरणे योग्य ठरेल का?

दुसरी अडचण निर्वाताची. कणांमध्ये हवा नसली की भुकटीतून उष्णता फारच सावकाश पसरते, आणि चंद्रावर खरी अडचण तीच असल्याने ती दाखवायची आहे. प्रयोगशाळेतला हवा उपसणारा रोटरी पंप जोडल्यास बारीक धूळ त्याच्या तेलात जाईल, अशी भीती वाटते. नळी आणि पंप यांच्यामध्ये कोणती गाळणी बसवावी? मुंबईत कोणी हे काम हाताने केले असेल, तर कृपया सविस्तर लिहावे.