चाळीस वर्षं फुटबॉल बघितला, आता टीव्ही लावावासाच वाटंना

जुना_फॉरवर्ड

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, रेल्वे लाईन्स भागात वाढलो, वय ५२. १९८६ च्या वर्ल्ड कपला मी बारा वर्षांचा होतो. कॉलनीत एका काकांकडं टीव्ही होता, मॅच आपल्याकडं रात्री साडेअकराला चालू व्हायची, आम्ही पोरं चादरी घेऊन त्यांच्या व्हरांड्यात जाऊन बसायचो. इंग्लंडविरुद्ध मॅराडोनानं एक गोल हातानं घातला आणि चार मिनिटांनी अर्ध्या मैदानापासून सगळ्यांना चकवत दुसरा घातला, त्या रात्री जे वेड लागलं ते लागलंच. वडील म्हणायचे क्रिकेट तरी बघ, चार माणसांत बोलायला येईल. पण नाही. कॉलेजला असताना टीममध्ये फॉरवर्ड खेळलो, लग्नानंतर गुडघा गेला तरी बघणं कधी सुटलं नाही.

आता सुटायलंय. कुणी सोडायला लावलेलं नाही, माझं मलाच बसवंना.

२०२२ च्या कतारच्या वर्ल्ड कपच्या वेळीच खरं तर मन लागत नव्हतं. पण मेस्सीची शेवटची संधी म्हणून बघितलं, फायनल ३-३ होऊन पेनल्टीवर गेली तेव्हा देव्हाऱ्यासमोर हात जोडले, जिंकल्यावर रडलो. दुसऱ्या दिवशी मात्र आपण कशावर रडलो असा विचार आला, तो काही गेला नाही. मग २०३४ चा वर्ल्ड कप सौदीला दिला, ११ डिसेंबर २०२४ ला, उमेदवार एकच, मतदान नाही, ऑनलाईन मीटिंगमध्ये सगळ्या देशांनी स्क्रीनवर टाळ्या वाजवल्या आणि झालं. आमच्या हौसिंग सोसायटीच्या चेअरमनची निवड तरी यापेक्षा नीट होते ओ. मग ऑगस्ट २०२५ मध्ये पॅलेस्टाईनचा जुना खेळाडू सुलेमान अल ओबेद गाझात मारला गेला, युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, श्रद्धांजलीची पोस्ट टाकली पण तो कसा गेला त्याचा एक शब्द नाही, इजिप्तच्या सालाहनं जाहीर विचारलं की तो कसा, कुठं आणि का गेला ते सांगाल का. आणि ५ डिसेंबर २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडातल्या यंदाच्या, २०२६ च्या वर्ल्ड कपचा ड्रॉ होता, त्याच स्टेजवर फिफाच्या अध्यक्षानं ट्रम्पला शांतता पुरस्कार दिला. त्या मिनिटाला मी टीव्ही बंद केला आणि मुलगा म्हणाला बाबा आपला ग्रुप तरी बघू द्या.

इराण आणि हैती दोन्ही क्वालिफाय झालेत पण त्यांच्या लोकांना अमेरिकेत यायला बंदी आहे, टीमला सूट दिलीये, बघायला येणाऱ्यांना नाही. मग ती टीम कुणासमोर खेळणार?

तर विचारायचं एवढंच, तुमच्यापैकी कुणी असं बघणं सोडलंय का? घरात पंधरा वर्षांचा मुलगा आहे, त्याचं वेड माझ्यामुळंच आहे, त्याला काय सांगायचं? ॲपचं सबस्क्रिप्शन मे मध्ये संपतंय, भरायचं की नाही कळंना.

कोल्हापूरकर_सोलापुरात

काका, तुमची तळमळ पोचली. पण खेळ आधी चांगला होता आणि आता बिघडला हे मला पटत नाही. मी कोल्हापूरचा, आमच्याकडं पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब अशी पेठेपेठेची टीम, शाहू स्टेडियमला मॅच असली की घरात दोन भाऊ दोन बाजूला. राजकारण, पैसा, पुढारी सगळं लहानपणापासून मैदानावरच बघितलंय.

१९७८ चा वर्ल्ड कप अर्जेंटिनात लष्करी राजवटीत झाला, फायनलच्या स्टेडियमपासून जवळच नौदलाच्या शाळेत लोकांना कोंडून त्यांचा छळ चालला होता. १९७३ ला चिलीत सांतियागोच्या नॅशनल स्टेडियममध्येच कैदी ठेवले होते, म्हणून सोव्हिएत युनियनच्या टीमनं तिथं क्वालिफायिंगची मॅच खेळायला नकार दिला, आणि चिलीनं समोर कुणी नसताना मोकळ्या गोलात बॉल घालून क्वालिफाय केलं. आणि तुमची १९८६ ची मॅच घ्या, चार वर्षांपूर्वीच फॉकलंडवरून दोन्ही देशांत युद्ध झालं होतं, ते झालं नसतं तर तो गोल एवढा मोठा झाला असता का?

राजकारणामुळं सोडायचं तर कुठलाच वर्ल्ड कप हातात राहत नाही.

जुना_फॉरवर्ड

भाऊ, मुद्दा बरोबर आहे, पण मला राजकारणाचाच राग आहे असं नाही. २००५ ला आयव्हरी कोस्ट पहिल्यांदा क्वालिफाय झाल्यावर, देशात यादवी चालू असताना, त्यांच्या स्ट्रायकर द्रोग्बानं ड्रेसिंग रूममध्ये गुडघे टेकून आपल्याच लोकांना बंदुका खाली ठेवा म्हणून विनवलं, ते पण राजकारणच की, त्यासाठी मी त्याचा जन्मभर फॅन आहे. मॅराडोनाचं पण तसंच. ते खेळणाऱ्यांचं होतं. आता खुर्चीवर बसलेले स्टेजवर मेडल वाटतात आणि कतारमध्ये कॅप्टननं दंडावर भेदभावाविरोधातली एक पट्टी बांधतो म्हटलं तर पिवळं कार्ड दाखवू म्हणून दम भरतात. रशियाला युक्रेनवर हल्ल्यानंतर चार दिवसांत बाहेर काढलं, ते बरोबरच केलं, मग बाकीच्यांच्या वेळी वकिलांचा सल्ला घेऊ म्हणतात. नियम सगळ्यांना सारखा असता तर मी तक्रार केली नसती.

रात्रपाळी

मी टॉवेलच्या कारखान्यात आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसी. रात्रपाळी असते. मला हे सगळं कळत नाही असं नाही, घरी आम्ही तेलुगू बोलतो पण पेपर मराठीच वाचतो, रोज वाचतो. पण आठवड्याचे सहा दिवस लूमचा आवाज कानात असतो आणि एक मॅच मोबाईलवर बघितली की डोकं हलकं होतं. तुम्ही सोडा, तुमची मर्जी आहे. फक्त बघणाऱ्याला मन नाही असं समजू नका एवढंच.

दोहा_रिटर्न

मी सहसा लिहीत नाही, इथं राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी अक्कलकोट तालुक्यातला, २०१६ ते २०१९ कतारमध्ये होतो, शटरिंग कार्पेंटर. एजंटला पैसे द्यायला आईचे दागिने गहाण टाकले होते. उतरल्या उतरल्या कंपनीनं पासपोर्ट काढून घेतला, पगार कधी दोन महिने तर कधी तीन महिने उशिरा, आणि कंपनी सोडायची तर तिचीच परवानगी लागायची, ते कफाला म्हणतात ते. २०२० ला नियम बदलले, दुसरीकडं कामाला जायला एनओसी लागत नाही आणि किमान पगार १००० रियाल ठरला, पण तोवर मी परत आलो होतो.

आमच्या खोलीत आठ जण, त्यातला एक तेलंगणाचा, वय ३१, जेवून झोपला तो सकाळी उठलाच नाही. कागदावर हार्ट लिहून आलं. दिवसभर उन्हात काम, रात्री एसी बंद पडायचा, तपासणी काय झाली आम्हाला कुणी सांगितलं नाही. गार्डियन पेपरनं २०२१ ला आकडा छापला होता, वर्ल्ड कप मिळाल्यापासूनच्या दहा वर्षांत कतारमध्ये वारलेले भारतीय २७११. त्यात सगळ्या प्रकारच्या कामाचे आणि सगळ्या कारणांनी गेलेले आले, सगळे स्टेडियमवरचे नव्हते. पण त्यातला एक माझ्या शेजारच्या बेडवर होता.

आता काका तुम्हाला सांगतो. फायनल झाली ते लुसैल स्टेडियम, त्याच्या आसपासच्या कामावर मी सात महिने होतो. फायनलच्या रात्री गावात सगळे माझ्या घरी जमले, मी पोराला स्क्रीनवर दाखवलं की हे बघ, इकडच्या बाजूला तुझा बाप होता. मला त्याचा अभिमान वाटला आणि रडू पण आलं, दोन्ही एकदमच. तुम्ही बघितलं नसतं तर मला बरं वाटलं असतं का, तर नाही. आम्ही बांधलेलं कुणी बघूच नये, असं आमच्यातल्या कुणालाच वाटत नव्हतं. पण मॅच बघताना एकदा तरी कुणी आमच्याबद्दल बोलावं, त्या खोलीबद्दल बोलावं एवढं वाटायचं. आमच्यासाठी म्हणून सोडत असाल तर सोडू नका. तुमच्या मनाला पटत नाही म्हणून सोडत असाल तर ती वेगळी गोष्ट.

पीटी_बाई

दोहा भाऊ, तुमचं वाचून खूप वेळ काही लिहिता आलं नाही.

मी शाळेत पीटी शिकवते, मुलींची टीम आहे, बावीस जणी. २०२२ च्या ऑगस्टमध्ये फिफानं भारतालाच सस्पेंड केलं होतं, आपल्या फेडरेशनमध्ये बाहेरचा हस्तक्षेप झाला म्हणून. गोकुलम केरळच्या मुली आशियाच्या क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या, न खेळता परत आल्या. अंडर-१७ मुलींचा वर्ल्ड कप आपल्याकडं होणार होता तो पण हातचा गेला होता, २६ ऑगस्टला बंदी उठली म्हणून वाचला. माझ्या मुली रोज विचारायच्या बाई आता काय होणार, आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. वर खुर्च्यांवर भांडणारे वेगळेच आणि खाली मैदानावर खेळायचं थांबलं ते पोरींचं, हे तेव्हा जवळून बघितलं.

म्हणून मला वाटतं तुम्ही वर्ल्ड कप बघता का नाही यानं फिफाला फरक पडणार नाही, पण तुमचा वेळ कुठं जातो यानं आमच्यासारख्यांना पडतो. आम्हाला मैदान सकाळी सहा ते साडेसात मिळतं, त्यानंतर क्रिकेटवाले येतात. रेफ्री नाही, मीच शिट्टी मारते आणि मीच कोचिंग करते, त्यात अर्धे फाऊल सुटतात. गोलची जाळी दोन वर्षांपासून फाटलेली आहे. २०१८ ला भारताचा कॅप्टन छेत्रीनं व्हिडिओ टाकून मुंबईत मॅच बघायला या म्हणून लोकांना हात जोडले आणि पुढची केनियाची मॅच हाऊसफुल झाली, आठवतं का? लोक येतात, पण कुणीतरी बोलवावं लागतं. तर मी बोलावतेय.

मुलाला मात्र बघू द्या. त्याचं वय बघायचंच आहे.

जुना_फॉरवर्ड

दोहा भाऊ, तुमचा रिप्लाय मी तीन वेळा वाचला, बायकोला वाचून दाखवला. खरं सांगतो, मी तुमच्यासाठी सोडतोय असंच मनात धरून बसलो होतो आणि त्यात मलाच बरं वाटत होतं. ते चुकलं. पण तरी मला यंदा बसवणार नाही, तो पुरस्कार डोळ्यासमोरून जात नाही, माझ्या पैशातला एक रुपया तिकडं जाऊ नये वाटतं. सबस्क्रिप्शन मी भरणार नाही. मुलगा मित्राकडं बघेल, मी अडवणार नाही, पण त्या खोलीची गोष्ट त्याला आज रात्री सांगणार आहे. तुमच्या त्या मित्राचं नाव चालत असेल तर मला मेसेजमध्ये कळवा, नुसतं तेलंगणाचा एक असं सांगायला बरं वाटत नाही.

रात्रपाळी, तुमच्याबद्दल मनात काही नाही, माझ्या लिहिण्यातून तसं वाटलं असेल तर माफ करा.

बाई, शिट्टी आहे माझ्याकडं, गुडघ्यामुळं फार पळता येत नाही पण एवढ्या मैदानाला चालेल. जाळीचं माप टाका.

दोहा_रिटर्न

मेसेज केलाय काका.

पीटी_बाई

पोल ऑफिशियल मापाचेच आहेत, २४ फूट बाय ८ फूट, दोन्ही बाजूंना लागेल. मागं खोली चार-पाच फूट धरा. मंगळवार ते शनिवार असतो आम्ही, सहाला या, साडेसहानंतर ऊन तोंडावर येतं.