मदत हवी आहे: चीनमधील हॉटेलने घेतलेली अनामत अजून परत मिळालेली नाही

हातमाग७२:
नमस्कार. व्यवसायाच्या कामासाठी चीनला गेलो होतो. हॉटेलात उतरताना कार्डावरून अनामत घेतली गेली, निघताना खोलीचे भाडे मी पूर्ण चुकते केले आणि रिसेप्शनवरच्या मुलीने मोबाइलवर भाषांतर करून दाखवले की अनामत परत जमा होईल. त्याला आज ९ दिवस झाले. दोन ई-मेल पाठवूनही उत्तर नाही. मालाच्या जहाजभाड्याचे पैसे याच खात्यातून द्यायचे आहेत, त्यामुळे मी अडकलो आहे. बँकेत तक्रार करावी की हॉटेलचाच पाठपुरावा करावा? कृपया लवकर सांगावे.

सांजवारा:
शहर कोणते, रक्कम किती, कार्ड डेबिट की क्रेडिट? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती रक्कम खात्यातून प्रत्यक्ष वळती झाली आहे, की नुसती अडवून ठेवली आहे? एवढे कळल्याशिवाय सल्ला देणे योग्य होणार नाही.

हातमाग७२:
शहर यीवू. रक्कम २,००० युआन. डेबिट कार्ड. वळती झाली की अडवली, याने काय फरक पडतो? मला ते पैसे वापरता येत नाहीत, एवढे खरे.

गोदाकाठ:
मी गेली बारा वर्षे यीवूच्या बाजारात खरेदीला जातो आणि अनामत नेहमी रोखीनेच देतो. त्याला तिकडे ‘याजिन’ म्हणतात. त्याची हाताने लिहिलेली पावती मिळते, ती पासपोर्टमध्ये ठेवायची, निघताना काउंटरवर द्यायची आणि नोटा मोजून घ्यायच्या. आजवर माझा एक युआनही अडकलेला नाही. कार्ड काढलेत तिथेच चूक झाली.

मीरा_शांघाय:
गोदाकाठ, जे होऊन गेले त्यावर हा उपाय नाही. शिवाय आता रोखीने व्यवहार करणारे फार कमी उरले आहेत, सुट्टे परत द्यायलाही काउंटरवर अनेकदा नोटा नसतात. २०२३ पासून परदेशी कार्ड अलीपेला, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्याच्या तिथल्या ॲपला, जोडता येते, तोच मार्ग सोयीचा आहे.

गोदाकाठ:
सोयीचा असेल, पण २०० युआनच्या वरच्या प्रत्येक व्यवहारावर ३ टक्के शुल्क लागते, हेही सांगा. सहा रात्रींच्या भाड्यावर ती रक्कम लहान नसते. आणि रोख रक्कम नाकारू नये, असे तिथल्या मध्यवर्ती बँकेचेच दुकानदारांना बजावणे आहे.

सांजवारा:
आपण दोघेही पुढच्या प्रवासाचे बोलत आहात, यांचे पैसे आज अडकले आहेत. हातमाग७२, कार्ड घासल्यावर मिळालेली पावती शोधा. व्यवहाराच्या प्रकारापुढे ‘श्याओ-फेइ’ अशी दोन चिनी अक्षरे असतील तर ती विक्री आहे, म्हणजे पैसे हॉटेलच्या खात्यात गेलेले आहेत. ‘यू-शोउ-च्युआन’ अशी तीन अक्षरे असतील तर ती केवळ पूर्वमंजुरी आहे, म्हणजे पैसे आपल्याच बँकेत आहेत, फक्त त्यांच्यावर लीन, म्हणजे ते वापरू न देणारी अडवणूक, आहे. फोटो टाकणार असाल तर कार्ड क्रमांक झाकून टाका.

हातमाग७२:
पावती पाकिटात सापडली. कागद घडीवर पांढरा पडला आहे आणि रक्कम उजेडाकडे तिरपी धरली तरच वाचता येते, पण तीन अक्षरे स्पष्ट आहेत. भाडे मी कार्डाने दिले नव्हते. त्या मुलीने अलीपेचा चौकोनी कोड पुढे केला, म्हणून मी तसे दिले. हे सांगण्याची गरज आहे असे मला वाटले नव्हते.

सांजवारा:
खरी गाठ इथेच आहे. भाडे त्याच कार्डावर घेतले असते तर हॉटेलने पूर्वमंजुरी ‘पूर्ण’ करून अडवलेल्या रकमेतूनच ते वळते केले असते आणि उरलेले मोकळे झाले असते. आपण भाडे दुसऱ्या मार्गाने दिलेत, त्यामुळे मूळ पूर्वमंजुरी स्वतंत्रपणे रद्द करणे त्यांचे काम होते आणि गर्दीच्या वेळी ते राहून गेले असावे. त्यांनी काहीच केले नाही तरी बँकेने ठरवलेल्या मुदतीनंतर लीन आपोआप उठते, मात्र ती मुदत प्रत्येक बँकेची वेगळी असते. तोवर थांबायचे नसेल तर हॉटेलकडे ‘यू-शोउ-च्युआन छ-श्याओ’, म्हणजे पूर्वमंजुरी रद्द करण्याची मागणी करा, सोबत पावतीचा फोटो आणि अलीपेची नोंद जोडा. ई-मेलवर विसंबू नका. तिथली हॉटेले वीचॅट या चिनी संदेश-ॲपवर लवकर उत्तर देतात.

कोकणकडा:
एवढी खटपट कशाला? बँकेत सरळ चार्जबॅक, म्हणजे कार्डाचा व्यवहार उलटवून पैसे परत मागण्याचा अर्ज, टाका, पैसे परत मिळतील.

सांजवारा:
नाही. चार्जबॅक वळत्या झालेल्या व्यवहारावर लागतो. इथे व्यवहार पुरा झालेलाच नाही, त्यामुळे तो अर्ज बहुधा फेटाळला जाईल आणि त्यात दिवस जातील.

अन्नपूर्णा_ठाणे:
यीवूला जाणाऱ्या शाकाहारी मंडळींसाठी सांगते, ‘वो छ सू’, म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढे वाक्य पाठ करा. भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, तेव्हा तेही विचारून घ्या. न्याहारीला पातळ भाताची पेज, उकडलेली अंडी आणि सोयाबीनचे दूध बहुतेक ठिकाणी मिळते. आम्ही शेंगदाण्याची चटणी घरून नेली होती.

मीरा_शांघाय:
हातमाग७२, निरोप मी चिनी भाषेत लिहून देते. उतरल्याची तारीख, खोली क्रमांक आणि पावतीवरचा व्यवहार क्रमांक मला व्यक्तिगत संदेशातून पाठवा. हॉटेलच्या फोनवर ‘वित्त विभाग’ मागून घ्या. रिसेप्शनवर दर पाळीला माणसे बदलतात आणि निरोप तिथेच राहतो.

हातमाग७२:
मीराताईंनी लिहून दिलेला निरोप सकाळी वीचॅटवर पाठवला. अकरा वाजता उत्तर आले: पूर्वमंजुरी रद्द करण्यासाठी पावतीच्या ग्राहकप्रतीचा फोटो हवा आहे. पाठवला, पण व्यवहार क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे पुसट असल्याने त्यांनी तो पुन्हा मागितला. आता बँकेकडून तोच क्रमांक लेखी घेण्यासाठी शाखेत निघालो आहे. सांजवारा, बँकेत नेमके काय मागायचे, ‘मंजुरी क्रमांक’ की ‘संदर्भ क्रमांक’?

सांजवारा:
दोन्ही मागा. पावतीवर सहा आकडी मंजुरी क्रमांक वेगळ्या ओळीत असतो, तो आपल्या फोटोत दिसत असेल तर आधी तोच हॉटेलला पाठवून पाहा.